रात्रीचा डॉक्टर काढून घेणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
ग्रामीण आरोग्यसेवेतील पदे, बदल्या आणि कामाच्या वेळा ठरवणारे सर्व अधिकारी, तसेच त्यांना याबाबत विचारू शकणारे सर्व लोकप्रतिनिधी

विषय : डोंगरी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राची रात्रीची सेवा बंद केल्याबाबत

महोदय, महोदया,

सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या एका खोऱ्यात जे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्याच्या लोखंडी फाटकावर काही दिवसांपूर्वी एक टंकलिखित कागद डकवण्यात आला. ‘सायंकाळी ६ ते सकाळी ९ या वेळेत तातडीच्या उपचारांसाठी रुग्णांनी ग्रामीण रुग्णालयात जावे’ एवढाच त्यावरचा मजकूर आहे. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, तारीखही नाही. शासकीय सेवेत मी ३३ वर्षे काढली आणि त्या काळात कापसाच्या चार बंडलांची मागणी करायची तरी ती तीन प्रतींत, जावक क्रमांकासह करावी लागे. २३ हजार लोकांची रात्र काढून घ्यायला मात्र अर्धे पान पुरले.

ज्या ग्रामीण रुग्णालयात जायचे ते तिथून ३४ किलोमीटरवर आहे आणि मध्ये घाट आहे. उन्हाळ्यात तो रस्ता सव्वा तासाचा असतो. जुलैत तो किती वेळाचा असतो, हे त्या दिवशी दरड कुठे आली आहे त्यावर ठरते. या कागदाबाबत मी दोन अर्ज दिले. दोन्हींच्या पोचा माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे तिसरे पत्र बंद पाकिटात न घालता सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा या केंद्राशी संबंध काय, ते आधी सांगितले पाहिजे. एम.बी.बी.एस. झाल्यावर जून १९८९ मध्ये मी इथे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. बंधपत्राचे दिवस भरायचे आणि पदव्युत्तर प्रवेश मिळाला की निघायचे, असाच माझाही हिशेब होता, त्यामुळे सेवाभावाचा कोणताही मुकुट मी डोक्यावर घेऊ इच्छित नाही. पुढे बदल्या झाल्या, दोनदा बाहेर गेलो, दोनदा परत आलो. एकूण २१ वर्षे या एका केंद्रात गेली आणि ३१ मे २०२२ रोजी मी इथूनच सेवानिवृत्त झालो. मुलगा पुण्याला बोलावतो, पण आम्ही उभयता इथेच बाजारगावात दोन खोल्या बांधून राहिलो आहोत. केंद्र माझ्या घरापासून चारशे पावलांवर आहे.

तो कागद लागल्यापासून रात्रीची थाप माझ्या दारावर पडू लागली. मी वहीत नोंद ठेवतो. आजपर्यंत अकरा वेळा. तापात झटके आलेली दोन मुले, कळा सुरू झालेल्या दोघी, दम्याचे एक आजोबा, ऊसतोडीहून परतताना ट्रॉलीखाली पाय सापडलेला एक तरुण, आणि असेच आणखी काही. माझ्याकडे स्टेथोस्कोप आहे, रक्तदाबाचे यंत्र आहे आणि निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्यांनी दिलेली शाल आहे. औषधे, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि सर्पदंशावरची लस ही चारशे पावलांवर कुलपात आहेत, आणि ते कुलूप उघडण्याचा मला कायद्याने अधिकार नाही. तसा तो नसावा, हेही मला मान्य आहे.

या अकरांपैकी एक रात्र थोडी सविस्तर सांगतो. रात्री साडेदहाच्या सुमारास एका बाईंना त्यांचे पती आणि दीर घेऊन आले. जळणाच्या ढिगातून लाकडे काढताना घोट्याजवळ काहीतरी चावले होते. दोन बारीक खुणा होत्या, सूज फारशी नव्हती, साप कोणी नीट पाहिला नव्हता. “डॉक्टर, तुम्ही नुसतं बघा. तुम्हाला कळंल,” असे पती पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाहून कळत नाही, हीच तर अडचण असते. घोणस चावली असेल तर रक्त गोठायचे थांबते आणि हे ओळखायला एक फार साधी चाचणी आहे : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून तळाशी धरून राहिले तर तूर्त धीर धरायचा आणि ठरावीक वेळाने चाचणी पुन्हा करायची. पाण्यासारखे वाहिले तर ताबडतोब लस सुरू करायची. या चाचणीला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. काचेची नळी, घड्याळ आणि वीस मिनिटे तिथे थांबणारे माणूस एवढेच लागते. ते माणूस आपण काढून घेतले आहे. मी पायाला पट्टी बांधून हालचाल थांबवली, सोबत चिठ्ठी दिली आणि बाईंना वडापच्या जीपमधून घाटाने पाठवले. दोन हजार रुपये भाडे पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विषाचे एकही लक्षण न दिसल्याने त्यांना घरी सोडण्यात आले. मग बिघडले काय, असे आपण म्हणाल. विष भिनले नव्हते हे नशीब. पण ते भिनलेले नाही हे ठरवण्यासाठीच डॉक्टर लागतो आणि ते ठरेपर्यंत त्या घराने काढलेली रात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मी रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, वरच्या धनगरवाड्यावरून सात-आठ वर्षांच्या एका मुलीला पहाटे आणले गेले. पोटात फार दुखते, एवढीच तक्रार होती. अंगावर कुठे खूण नव्हती, सूज नव्हती, ताप नव्हता. मी पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि आराम पडतो का ते पाहत बसलो. तासाभरात तिचा श्वास मंदावला आणि मला काही उमगायच्या आत ती गेली. मण्यार चावल्याचे मला नंतर, पुस्तक काढून वाचल्यावर आणि वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलल्यावर समजले. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बरेचदा कळतही नाही. खूण राहत नाही, सूज येत नाही, आधी पोट दुखते आणि मग एकेक स्नायू ढिला पडत श्वास थांबतो. हे सारे मी महाविद्यालयात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते. पण पुस्तकातला साप आणि धनगरवाड्यावरचा साप यांची ओळख पटायला मला एक मुलगी गमवावी लागली.

पुढच्या वर्षी जुलैत, त्याच डोंगरावरून, घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला आणले. वाट अडीच तासांची आणि पाऊस असा, की चौघांच्याही अंगावर कोरडी चिंधी नव्हती. आई म्हणत होती, “सांजपास्नं चांगलं खेळत हुतं. मध्यानरातीला पोट धरून उठलं, आन आता निसतं झोपतंय. हलवलं तरी डोळं उघडंना.” मी बॅटरी धरून पाहिले. मुलगा झोपलेला नव्हता. पापण्या लोंबल्या होत्या, त्या उचलण्याची ताकद त्याला उरली नव्हती. मी त्याच्या तळहातात बोट ठेवून म्हटले, ऐकू येत असेल तर दाब. आणि त्याने अगदी हलके दाबले. शुद्धीवर असलेले ते मूल आपल्याच शरीरात कोंडले जात होते आणि बाकी सर्वांना ते झोपलेले वाटत होते. होत्या तेवढ्या लशीच्या कुप्या आम्ही काढल्या. त्यातली भुकटी पाण्यात विरघळायला वेळ लागतो. कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून दोन तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवावी लागते. सिस्टर, शिपाई आणि मुलाचा चुलता असे तिघे जण दिव्याखाली बसून कुप्या फिरवत होते. श्वास कमी पडू लागला तसा आम्ही ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावली आणि केंद्राच्या जीपमधून निघालो. घाट संपेपर्यंत आणि पुढे शहर येईपर्यंत मी आणि सिस्टर आळीपाळीने ती बॅग दाबत होतो. मिनिटाला सोळा-सतरा वेळा, एकदाही न चुकता. तो मुलगा वाचला. आज तो नवी मुंबईत माथाडी आहे, गावच्या यात्रेला येतो तेव्हा भेटून जातो.

पहिल्या पावसाळ्यातली मुलगी आणि दुसऱ्या पावसाळ्यातला मुलगा यांच्यामध्ये माझी पदवी बदलली नव्हती, पगार बदलला नव्हता, केंद्रात एकही नवे यंत्र आले नव्हते. मला तिथे बारा महिने पूर्ण झाले होते, एवढाच फरक होता.

आणि आपण डॉक्टर नेमता ते अकरा महिन्यांसाठी.

अकरा महिन्यांचा आदेश, मग खंड, मग पुन्हा आदेश आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या ठिकाणचा. ही पद्धत कोणत्या सेवाविषयक अडचणीतून निघाली ते मला माहीत आहे. सलग सेवा झाली की माणूस कायम होण्याचा हक्क मागतो, ही ती अडचण. हिशेबखात्याच्या दृष्टीने त्यात चूक नसेलही. पण अकरा महिन्यांत पावसाळा एकदाच येतो. पहिला पावसाळा डॉक्टर शिकतो आणि त्या शिकण्याची किंमत रुग्ण मोजतात. दुसऱ्या पावसाळ्यात ते शिकणे लोकांच्या कामी यायचे, त्याच्या आत आपण त्याला परत बोलावता. मी निवृत्त झाल्यापासून या केंद्राने सात डॉक्टर पाहिले. त्यांतले कोणी वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण हल्लीची मुले खेड्यात टिकत नाहीत, असे म्हणण्याची एक सोपी सवय आपल्याकडे पडली आहे. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी तर चार महिन्यांत सगळ्या वाड्यांची नावे आणि त्यांच्या वाटा शिकली होती, कोणत्या आशाताईंच्या फोनला रेंज येते आणि कोणाला निरोप पाठवावा लागतो इथपर्यंत. तिने मुदतवाढ मागितली होती. तिला मिळाला तो दुसऱ्या तालुक्याचा आदेश.

दुसरे गाऱ्हाणे एकट्या डॉक्टरचे आहे. या केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे मंजूर आहेत. माझ्या २१ वर्षांत दोन्ही पदे एकाच वेळी भरलेली असण्याचा काळ एकत्र केला तर तो चार वर्षांच्या वर जाणार नाही. एकटा माणूस सकाळी शंभर-सव्वाशेची ओपीडी करतो, दुपारी उपकेंद्रांना आणि शाळांना भेट देतो, संध्याकाळी अहवाल भरतो आणि रात्री बाळंतपणासाठी उठतो. हे तो काही महिने करू शकतो, वर्षानुवर्षे नाही. रजा म्हटली की बदली डॉक्टर नाही, आजारी पडला तरी नाही. माझ्या आईच्या अंत्यविधीला मी पोहोचलो, दहाव्याला पोहोचू शकलो नाही.

पण याहून जे मला सलते ते वेगळे आहे. २००३ च्या डिसेंबरात तालुक्याला मासिक आढावा सभा होती. विषय कुटुंबकल्याण शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टाचा होता आणि गैरहजर राहणाऱ्यास खुलासा मागितला जाईल, असे पत्र होते. दुसरे पद रिकामे होते. मी केंद्राची जीप घेऊन सभेला गेलो. दुपारी केंद्रात एक बाळंतीण मोकळी झाली, बाळ चांगले रडले आणि त्यानंतर रक्तस्राव थांबेना. सिस्टरने जे करायचे ते सारे केले : इंजेक्शन दिले, पोटावरून गर्भाशय चोळले, सलाइन लावले, मग पाठवण्यासाठी गाडी पाहिली. गाडी माझ्याबरोबर सभागृहाच्या आवारात उभी होती. त्या बाईंना दुधाच्या गाडीतून नेले आणि घाट उतरायच्या आत त्या गेल्या. माझा आलेख त्या दिवशी चांगला होता. सभेत त्याचे कौतुकही झाले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तासा-दोन तासांत माणूस हातचे जाते, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला माहीत होते, कारण आम्ही सारे डॉक्टरच होतो. मृत्यूच्या अन्वेषणाच्या नमुन्यात ‘वाहतुकीतील विलंब’ असा एक रकाना असतो. मी त्यात खूण केली. ‘डॉक्टर व वाहन सभेत’ असा रकाना नव्हता.

पुढे २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. मात्र ती घाटाखाली उभी असते आणि तिला बोलवायला रेंज लागते. सभाही आता पडद्यावर होतात, हा एक फायदा. पण पोर्टले इतकी झाली आहेत, की एका लसीकरण सत्राची माहिती तीन ठिकाणी भरल्यावर चौथ्या ठिकाणचा पासवर्ड आठवत नाही.

राहण्याच्या जागेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही, गळण्यासारखे आहे. डॉक्टरने मुख्यालयी राहावे, असा आपला आदेश आहे आणि तो रास्त आहे. निवासस्थानाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मी पहिल्यांदा १९९६ मध्ये पाठवला. २०२३ च्या अखेरीस देशभरातल्या केंद्रांचे नामांतर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर आमच्याकडे नवा फलक आला आणि दर्शनी भिंत रंगली. मागच्या निवासस्थानाच्या न्हाणीघरावर अजून ताडपत्रीच आहे. मराठवाड्यातली ती मुलगी पावसाळाभर प्रसूतिकक्षाशेजारच्या खोलीत राहिली.

शवविच्छेदनाचेही असेच. खोऱ्यात कोणी विहिरीत पडले, कोणी गळफास घेतला, कोणी वीज पडून गेले, तर ते काम याच डॉक्टरकडे येते. ओढ्याकाठच्या ज्या खोलीत ते होते तिला दरवाजा आहे, पाणी नाही. आणि मग पाच-सहा वर्षांनी, डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असताना, साक्षीचे समन्स येते. साक्ष देणे कर्तव्यच आहे, पण त्या दिवशी तो आज ज्या केंद्रात आहे तिथली ओपीडी बंद राहते, याचा विचार कोणीही केलेला नाही.

डॉक्टर मिळतच नाहीत तर नेमायचे कोणाला, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे. ते खोटे नाही, पण ते आजचेही नाही. मी इथे आलो तेव्हा बाजारपेठेत एका जुन्या एल.सी.पी.एस., म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या, डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी शिल्लक होती आणि त्यांचे कंपाउंडर हयात होते. मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी कात्रीने दातेरी कापून डोसाच्या खुणा कशा करायच्या, हे त्यांनी मला करून दाखवले होते. डॉक्टर घोड्यावरून वाड्यांवर जात आणि फी बऱ्याचदा तांदळाच्या मापाने घेत. अशा कमी मुदतीच्या अभ्यासक्रमाच्या डॉक्टरांवर खेड्यांचा मोठा भार होता. १९४६ मध्ये आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीने अहवाल दिला, त्यात देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस होती. समितीतल्याच काही सदस्यांनी त्यावर असहमती नोंदवली होती. पुढे हे अभ्यासक्रम बंद झाले. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का म्हणून द्यायचा, हा त्यामागचा विचार उदात्त होता, आणि मी स्वतः पदवीधर असल्याने त्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. पण त्याच समितीने आणखी एक गोष्ट सांगितली होती : पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर. पहिली शिफारस आपण अंमलात आणली. दुसरीतले केंद्र बांधले, डोंगरी भागासाठी लोकवस्तीचा निकष पुढे २० हजारांवर आणला, आणि डॉक्टरांच्या खुर्च्या मात्र रिकाम्या ठेवल्या.

राहिलेला डॉक्टर काय करू शकतो, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. ते रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी करत राहिले आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने ते मृत्यू टाळता येतात, हे त्यांनी जगाला दाखवले. तीच गोळी मी या खोऱ्यात शेकडो लोकांना दिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथल्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्या त्यातूनच आल्या. ही माणसे असामान्य आहेत आणि प्रत्येक केंद्राला असा डॉक्टर मिळेल, अशी माझी मागणी नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की यांतले काहीही अकरा महिन्यांत झाले नसते.

दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून सल्ला देण्याची सोय हे दुसरे उत्तर मला एका बैठकीत मिळाले. मधुमेहाच्या गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या, हे पडद्यावरून सांगता येते आणि त्याचा उपयोग मी स्वतः केला आहे. पण त्या मुलाने माझे बोट दाबले ते पडद्यावरून कळले नसते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. फाटकावरचा तो कागद काढावा आणि रात्रीची सेवा पुन्हा सुरू करावी. हे मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी व्हावे, कारण लावणी सुरू झाली की माणसे शेतात असतात आणि साप घरात. दोन्ही मंजूर पदे नियमित भरावीत. ते खरोखरच अशक्य असेल आणि कंत्राटच करायचे असेल, तर ते खंड न पाडता किमान ३६ महिन्यांचे, एकाच केंद्रासाठी करावे. केंद्रात एकच डॉक्टर हजर असेल त्या दिवशी त्याला कोणत्याही सभेला बोलावू नये आणि केंद्राचे वाहन त्या दिवशी आवाराबाहेर जाऊ नये, असा लेखी आदेश काढावा, ज्यावर सही, तारीख आणि जावक क्रमांक असेल. निवासस्थानाचे छप्पर याच उन्हाळ्यात दुरुस्त करावे. सर्पदंशावरची लस, सोबतची इंजेक्शने, काचेच्या नळ्या आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी अशा दोन मापांच्या ॲम्बू बॅगा, हे सारे औषधभांडाराच्या कुलपात न ठेवता रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताशी असलेल्या कपाटात ठेवावे आणि दर सोमवारी ते मोजले जावे. आणि जुना डॉक्टर जाताना नवा डॉक्टर त्याच्याबरोबर निदान एक महिना राहावा. एका महिन्याचा दुहेरी पगार हा यातला एकमेव मोठा खर्च आहे, तो फलकाच्या खर्चाशी ताडून पाहावा.

या शेवटच्या मागणीबाबत माझ्याकडून एक गोष्ट देऊ शकतो. २१ वर्षांत मी वाडीवार एक वही ठेवली आहे. कोणत्या धनगरवाड्यावर मण्यार जास्त, कोणत्या ओढ्याखालच्या विहिरीमुळे आषाढात जुलाब लागतात, कोणत्या गावात बाळंतीण तिसऱ्या दिवशीच कामाला लागते, कोणत्या घरात क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या जातात, असे सारे त्यात आहे. १९८९ च्या त्या मुलीची नोंद पहिल्या पानावर आहे. नव्याने येणाऱ्या डॉक्टरबरोबर महिनाभर बसायला आणि वाड्यांवर हिंडायला मी विनामोबदला तयार आहे. गुडघे दुखतात, पण वरच्या वाड्यापर्यंत अजून जाऊ शकतो. ती वही कोणाच्या हाती द्यायची, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त वैद्यकीय अधिकारी